बोट थांबत नाही

"शीट का सोडलीस?"

पाण्यातून बाहेर काढल्यावर मला विचारलेला हा पहिला प्रश्न. लागलं का, पाणी किती प्यायलीस वगैरे चौकश्या नंतर झाल्या.

शीट म्हणजे चादर नव्हे आणि कागदही नव्हे. शिडाच्या बोटीत शीड ताणायला आणि ढिलं सोडायला जो दोर हातात असतो, त्याला शीट म्हणतात. मुंबई बंदरात, कुलाब्याच्या बाजूला, मी एका माणसाने चालवायची छोटी बोट शिकत होते. जेमतेम चौदा फुटांची, एक शीड, एक सुकाणू. वारा वाढला की बोट एका बाजूला कलते आणि तिला सरळ ठेवायला आपण दुसऱ्या बाजूने शरीर बाहेर झोकायचं असतं. पाय अडकवायला बोटीच्या तळाशी एक पट्टा असतो. त्या दिवशी माझा पाय पट्ट्यातून निसटला आणि मी पाठीवर पाण्यात पडले. पडताना घाबरून दोन्ही हात उघडले. एका हातातून सुकाणू गेलं, दुसऱ्यातून शीट.

मला पोहता येतं. तलावात किलोमीटरभर आरामात पोहते. बोट थोडी पुढे जाऊन आडवी झाली होती, तेव्हा मला वाटलं, आता चार हात मारले की पोचले. पण आडव्या झालेल्या बोटीच्या कुशीवर वारा लागतो आणि ती पाण्यावरून सरकत राहते. मी पोहत होते आणि अंतर वाढत होतं. अंगात लाइफजॅकेट होतं, ते तरंगवतं पण पोहू देत नाही. ओहोटी सुरू होती. पाच-सात मिनिटांत सोबतची मोटरबोट आली, मला वर ओढलं, आणि तिच्यावरच्या वयस्क तांडेलाने तो प्रश्न विचारला. मी काहीच बोलले नाही. मग तोच म्हणाला, "तीच तर तुझी दोरी होती."

घरी आल्यावर मी हिशेब केला. पाच नॉट म्हणजे छोट्या शिडाच्या बोटीचा अगदी सामान्य वेग. ताशी सव्वानऊ किलोमीटर. रिक्षाच काय, सायकलसुद्धा याहून जोरात जाते. पण सेकंदाला हे अंतर अडीच मीटरच्या थोडं वर येतं. जगातले सर्वात वेगवान जलतरणपटू ५० मीटर साधारण २१ सेकंदांत पोहतात, म्हणजे सेकंदाला २.४ मीटरच्या आसपास. तेही स्थिर पाण्यात, डोळ्यांना गॉगल लावून, ठोकळ्यावरून उडी मारून. म्हणजे रमतगमत चाललेल्या बोटीला ऑलिम्पिक विजेताही गाठू शकत नाही. बोटीवर दुसरा कोणी असेल तर तो वळवून आणेल. एकट्याच्या बोटीवर वळवणारा पाण्यात असतो.

हे आता आठवायचं कारण असं की या हिवाळ्यात मी एका मित्राची सव्वीस फुटी बोट मालवणहून पणजीला एकटीने नेणार आहे. साधारण ३५ सागरी मैल, एक लांबलचक दिवस. जगाच्या हिशेबात ही काही मोहीम नव्हे. पण ती बोट माझ्या शिकाऊ बोटीसारखी आडवी होऊन थांबणारी नाही. तिच्या पोटाखाली जड कील आहे, ती कलली तरी उठते. आणि तिला स्वतःचं सुकाणू स्वतः धरता येतं. मी पडले तर ती माझ्याशिवाय गोव्याच्या दिशेने चालत राहील. म्हणून गेले काही महिने मी एकट्याने समुद्र ओलांडणाऱ्यांच्या हकिकती वाचते आहे, आणि प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट शोधते आहे: हा माणूस बोटीला कसा धरून राहिला?

सुरुवात जोशुआ स्लोकमपासूनच करावी लागते. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात १८४४ साली जन्मलेला हा कप्तान. वाफेच्या जहाजांनी शिडाच्या जहाजांचा धंदा बसवला, तसा हाही बेकार झाला. कोणीतरी त्याला शेतात पडून असलेली एक जुनी बोट देऊ केली. तेरा महिने खपून त्याने ती जवळजवळ नव्याने बांधली. तिचं नाव 'स्प्रे', लांबी ३७ फुटांना जरा कमी. २४ एप्रिल १८९५ला तो बॉस्टनहून निघाला आणि २७ जून १८९८ला पृथ्वीप्रदक्षिणा करून न्यूपोर्टला पोचला. एकट्याने हे करणारा पहिला माणूस.

आणि त्याला पोहता येत नव्हतं.

उरुग्वेच्या किनाऱ्याजवळ स्प्रे वाळूत रुतली, तेव्हा नांगर दूर नेऊन टाकण्यासाठी तो छोट्या होडीत उतरला आणि होडी उलटली. आपल्याला पोहता येत नाही हे नेमकं त्या क्षणी आपल्याला आठवलं, असं त्याने नंतर लिहिलं आहे. उलटलेल्या होडीची कड धरून तो कसाबसा वाचला. पुढे पॅटागोनियाच्या किनाऱ्यावर एक राक्षसी लाट येताना दिसली, तेव्हा त्याने डोलकाठीवरचे दोर पकडून वर चढून जीव वाचवला. लाट बोटीवरून गेली आणि काही क्षण खाली बोट दिसतच नव्हती. म्हणजे स्लोकमची सगळी सुरक्षा त्याच्या हातांच्या पकडीत होती. त्या काळच्या खलाशांमध्ये एक म्हण होती, एक हात जहाजासाठी, एक हात स्वतःसाठी. एकट्याचं गणित इथेच बिघडतं, कारण जहाजाला बहुतेक वेळा दोन्ही हात लागतात.

पण माझं लक्ष अडकलं ते दुसऱ्याच गोष्टीवर. स्प्रेचा तोल असा जमून आला होता की सुकाणू दोराने बांधून ठेवलं तर ती दिवसचे दिवस सरळ चालायची. ऑस्ट्रेलियाच्या टोकाजवळच्या थर्सडे बेटापासून हिंदी महासागरातल्या कीलिंग बेटांपर्यंत २७०० मैल ती २३ दिवसांत गेली, आणि तेवढ्या वेळात स्लोकमने सुकाणू धरलं ते सगळं मिळून तीनेक तास. त्याआधी अटलांटिकमध्ये अझोर्सला मिळालेली प्लम आणि चीज खाऊन तो पोटदुखीने केबिनच्या फरशीवर गडाबडा लोळत होता, तेव्हा कोलंबसच्या ताफ्यातल्या 'पिंटा'चा सुकाणूवाला आपली बोट हाकतोय असा त्याला भास झाला. सकाळी पाहतो तर बोट बरोबर मार्गावर. ही गोष्ट सगळे गंमत म्हणून सांगतात. मला ती जरा भीतिदायक वाटते. माणूस शुद्धीवर नसताना जी बोट इतकी छान चालते, ती माणूस नसतानाही तशीच चालेल.

नोव्हेंबर १९०९मध्ये स्लोकम स्प्रे घेऊन पुन्हा एकटा निघाला. तो आणि बोट, दोन्ही परत कधी दिसले नाहीत.

पुढच्या पन्नास वर्षांत एकट्याने अटलांटिक ओलांडणारे निघत राहिले, पण थोडे. मुख्य अडचण झोपेची होती. सगळ्यांच्या बोटी स्प्रेसारख्या गुणी नव्हत्या. ती अडचण सोडवली ब्लॉन्डी हॅस्लर या इंग्रज माणसाने. हा दुसऱ्या महायुद्धात गाजलेला. डिसेंबर १९४२मध्ये कयाक वल्हवत बोर्दोच्या बंदरात शिरून जर्मन जहाजांना सुरुंग चिकटवणाऱ्या दहा जणांच्या तुकडीचा तो प्रमुख. त्यातले दोघंच जिवंत परतले, तो आणि त्याच्या कयाकमधला साथीदार. युद्ध संपल्यावर या माणसाने डोकं लावलं ते आळशीपणाने समुद्र कसा ओलांडावा यावर. त्याने बोटीच्या मागच्या टोकाला वाऱ्याच्या दिशेने फिरणारं एक पातं बसवलं. वाऱ्याच्या तुलनेत बोटीची दिशा बदलली की पातं फिरतं आणि सुकाणू वळवून बोटीला मार्गावर आणतं. वीज नाही, मोटर नाही.

१९६०मध्ये त्याच्याच कल्पनेतून इंग्लंड ते न्यूयॉर्क अशी एकट्यांची पहिली अटलांटिक शर्यत झाली. पाच जण उतरले, पाचही पोचले. फ्रान्सिस चिचेस्टर ४० दिवसांत पहिला. त्याच्याही बोटीवर असं पातं होतं, त्याचं त्याने 'मिरांडा' असं बारसं केलं होतं. हॅस्लर ४८ दिवसांत दुसरा.

या शोधाने एकट्याने समुद्रप्रवास करणं शक्य झालं, आणि याच शोधाने बोटीवरून पडणं जवळजवळ अटळ मरण झालं. आधी सुकाणू सुटलं तर बहुतेक बोटी थोड्या वेळाने वाऱ्याकडे तोंड करून शीड फडफडवत रेंगाळायच्या. निदान आशेला जागा होती. आता बोट मालकापेक्षा जास्त इमानदार झाली होती. तिला जे काम सांगितलं ते ती करत राहणार, सांगणारा मागे लाटांत हात हलवत असला तरी.

हॅस्लरला हे कळलं असणार, कारण त्याची स्वतःची 'जेस्टर' ही बोट पाहा. पंचवीस फुटांची. तिचा नेहमीचा उघडा कॉकपिट त्याने बंद करून टाकला आणि मधोमध एक गोल झाकण ठेवलं. चिनी जंकवर असतं तसं एकच शीड लावलं आणि त्याचे सगळे दोर त्या गोल भोकापाशी आणले. शीड वाढवायचं, कमी करायचं, बोट वळवायची, सगळं त्या भोकात कमरेपर्यंत उभं राहून. स्वतःला बोटीला बांधायची त्याला फारशी गरजच पडू नये, अशी ती रचना. बाहेर जायचंच कशाला?

माझी आई पंचवीस वर्षं डोंबिवली ते सीएसटी करत होती. समुद्राशी तिचा संबंध जुहूच्या भेळेपुरता. तिला जेस्टरचा फोटो दाखवून हे समजावलं तर ती म्हणाली, "अगं, मग मी तुला काय सांगायचे? दांड्याला धरून उभी राहा असं नाही, दारात उभीच राहू नकोस." हॅस्लरचं सगळं तत्त्वज्ञान तिने एका वाक्यात गुंडाळलं.

पण सगळ्यांना आत राहता येत नाही. डोलकाठीशी काहीतरी अडकतं, पुढचं शीड उतरवावं लागतं. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनच्या बाबतीत तर बोटीच्या खाली जावं लागलं. त्याची 'सुहैली' ही ३२ फुटी सागवानी बोट आपल्या मुंबईत बांधलेली. १४ जून १९६८ला तो फालमथहून निघाला आणि २२ एप्रिल १९६९ला, ३१२ दिवसांनी, कुठेही न थांबता जगाला फेरी मारून परतला. न थांबता एकट्याने हे करणारा पहिला. त्या 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत नऊ जण निघाले होते, पूर्ण करणारा हा एकटाच. बोटीला तळाशी गळती लागली तेव्हा भर समुद्रात पाण्यात उतरून त्याने फटी बुजवल्या. आणि एक गोष्ट वाचून मी पुस्तक मिटलं आणि पुन्हा उघडलं: हा गृहस्थ अंघोळीसाठी चालत्या बोटीच्या पुढच्या टोकावरून पाण्यात सूर मारायचा, बोट शेजारून जात असताना जोरात पोहायचा, आणि मागचं टोक आलं की तिथे कायम ओढत ठेवलेला दोर पकडून वर यायचा.

मागे ओढत ठेवलेला दोर ही त्या काळची बऱ्याच जणांची शेवटची आशा. काही जण तो सुकाणूच्या पात्याला अशा तऱ्हेने जोडायचे की पाण्यातून ओढला की पातं सुटावं आणि बोट वाऱ्याकडे वळून थांबावी. कल्पना सुंदर आहे. प्रत्यक्षात पाच नॉटने पळणारा दोर थंडीने बधिर झालेल्या हातांनी धरून ठेवणं आणि भिजलेल्या जड कपड्यांसकट त्यावरून चढत येणं, हे मंद वाऱ्यात ताज्या दमाच्या तिशीतल्या नॉक्स-जॉन्स्टनला जमतं. मला जमणार नाही, हे मला कुलाब्याला कळलेलं आहे. १९७६च्या एकट्यांच्या अटलांटिक शर्यतीत एक बोट ठीकठाक अवस्थेत सापडली. वर माणूस नव्हता.

मग उरतं स्वतःला बांधून घेणं. सह्याद्रीत रॅपलिंग केलेल्यांना यातली अवजारं ओळखीची वाटतील: छातीभोवती पट्ट्यांचा हार्नेस, त्याला जोडलेला छोटा दोर म्हणजे टेदर, त्याच्या टोकाला कॅराबिनरसारखा हुक. बोटीच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत डेकवर एक पट्टी ताणून बसवलेली असते, ती जॅकलाइन. हुक तिच्यात अडकवायचा आणि पुढेमागे सरकत काम करायचं. आधी तिथे तारेचा दोर वापरत. गोल दोरावर पाय पडला की तो घरंगळतो आणि ज्या वस्तूने वाचवायचं तीच पाडते. म्हणून आता चपटी पट्टी.

अवजारं सारखी असली तरी विचार उलटा आहे. कड्यावर आपण पडणार हे गृहीत असतं, दोर झेलतो. बोटीवर मात्र दोराने पडूच द्यायचं नसतं. हा फरक लोकांना मरणांतून शिकावा लागला.

ऑगस्ट १९७९मध्ये इंग्लंड ते आयर्लंडजवळचा फास्टनेट खडक आणि परत, या शर्यतीत ३०३ बोटी उतरल्या. वादळाने गाठलं. शर्यतीतले १५ जण गेले. या बोटींवर एकेकटे लोक नव्हते, पूर्ण चमू होते, तरीही. नंतरच्या चौकशीत बाहेर आलेल्या गोष्टींपैकी एक ही की माणसांनी हार्नेस घातले होते, हुक अडकवले होते, आणि तरी काही जण गेले, कारण हार्नेसच निकामी झाले. ती उपकरणं तोवर कोणी खऱ्या लाटेत तपासली नव्हती. त्यानंतर मानकं कडक झाली. पण हुक म्हणजे विचित्र चीज आहे. २०१७मध्ये जगप्रदक्षिणेच्या एका शर्यतीत एक अनुभवी माणूस पुढचं शीड उतरवताना पाण्यात फेकला गेला. तो बांधलेला होता. पण त्याचा हुक डेकवरच्या खुंट्याखाली अडकून आडवा ताणला गेला, आणि सरळ ओढीत जेवढा भार त्याने सहज पेलला असता त्याच्या कितीतरी कमी भाराला वाकून उघडला. हे वाचल्यावर मी मित्राच्या बोटीवर जाऊन प्रत्येक खुंट्याकडे संशयाने पाहिलं.

आणि दोर तुटला नाही तर? २०११मध्ये इंग्लिश खाडीच्या परिसरात एका बोटीचा कप्तान पडला. हुक शाबूत, दोर शाबूत. बोटीवर इतर माणसं होती. बोट चालत होती आणि तो तिच्या कुशीला लागून पाण्यातून ओढला जात होता. त्याला वर घेईपर्यंत तो बुडून मेला होता. दोर लांब असेल तर माणूस कठड्यापलीकडे पाण्यात जातो आणि मग तोच दोर त्याचं डोकं पाण्यात धरून ठेवतो. एकट्या माणसाला तर कोणी वर घेणारही नाही. म्हणजे लांब दोर बांधून निर्धास्त झालेला एकटा खलाशी, दोर न बांधलेल्याइतकाच बेवारस असतो, फक्त त्याचा पत्ता माहीत असतो.

इतकं सगळं असूनही मोठ्यातल्या मोठ्या माणसांना स्वतःला बांधून घ्यायचा कंटाळा. एरिक ताबार्ली हे फ्रान्समधलं देवासारखं नाव. १९६४ आणि १९७६ अशी दोनदा एकट्यांची अटलांटिक शर्यत जिंकलेला. हार्नेस तो सहसा घालत नसे. १९९८च्या जूनमध्ये, आपल्या 'पेन द्विक' या शंभर वर्षं पुऱ्या केलेल्या लाडक्या बोटीतून तो स्कॉटलंडला चालला होता. १२ आणि १३ तारखेच्या मधली रात्र, वेल्सच्या किनाऱ्याबाहेर. शीड बदलताना शिडाच्या वरच्या वाशाचा तडाखा बसला आणि तो पाण्यात गेला. सोबतच्यांना तो सापडला नाही. काही आठवड्यांनी एका मच्छीमार बोटीच्या जाळ्यात त्याचं शव आलं. वय ६६. त्याच्यावर हसण्याची किंवा त्याला शहाणपण शिकवण्याची माझी लायकी नाही. पण मला त्याचा कंटाळा समजतो. दर चार पावलांना हुक काढा-घाला करायचा, दोर पायात येतो, आणि तुम्ही चाळीस वर्षांत एकदाही पडलेला नसता. आमच्या इमारतीतले काका याच न्यायाने कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत हेल्मेट घालत नाहीत.

आता फोनची गोष्ट. तुम्ही हे ज्यावर वाचताय त्याच्याबद्दल आहे.

फ्लोरॉन्स आर्तो. १९९०मध्ये अटलांटिकपार जाणारी 'रूट द्यु ऱ्हम' ही एकट्यांची शर्यत पुरुषांना मागे टाकून जिंकणारी पहिली बाई. २९ ऑक्टोबर २०११, आदल्याच दिवशी तिला ५४ वर्षं पूर्ण झाली होती. कोर्सिका बेटाच्या उत्तर टोकाबाहेर ती एकटीच बोटीवर होती. शर्यत नव्हती, वादळ नव्हतं. रात्री ती लघवी करायला बोटीच्या कडेशी गेली आणि पडली. लाइफजॅकेट नाही, दोर नाही. बोट आपली चालत गेली. अंधारात तिच्याकडे दोनच वस्तू होत्या: कपाळावर बांधलेला दिवा आणि पाणी न शिरणारा मोबाइल. रेंज होती. तिने आईला फोन लावला.

इथे मी प्रत्येक वेळी थांबते. मध्यरात्री फ्रान्समध्ये एका म्हाताऱ्या बाईचा फोन वाजतो आणि मुलगी सांगते, मी समुद्रात पडले आहे. आईने भावाला कळवलं, त्याने बचाव यंत्रणेला. हेलिकॉप्टर आलं तेव्हा ती काही तास पाण्यात होती, गारठलेली, पण जिवंत. फोन, दिवा, रेंज, जागी झालेली आई. यातली एक कडी निसटली असती तरी गोष्ट वेगळी झाली असती. आता मनगटावर बांधायची यंत्रं मिळतात. पाण्यात पडलात की आसपासच्या जहाजांच्या पडद्यावर तुमचा ठिपका उमटतो. काही यंत्रं स्वयंचलित सुकाणूला थांबायला सांगतात. चांगलीच आहेत, मी एक उसनं घेतलंय. फक्त एकट्याच्या बोटीवर तो भोंगा वाजतो तेव्हा ऐकायला कोणी नसतं, एवढं डोक्यात ठेवावं लागतं.

आपल्याकडची गोष्ट अशी की नॉक्स-जॉन्स्टनच्या सुहैलीनंतर चाळीस वर्षांनी मुंबईतूनच एक भारतीय एकटा जगाला फेरी मारायला निघाला. नौदलातले दिलीप दोंदे, ऑगस्ट २००९ ते मे २०१०, चार थांबे घेऊन. त्यांची 'म्हादेई' गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. त्याच बोटीतून अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ला मुंबईहून निघाले आणि न थांबता प्रदक्षिणा करून ३१ मार्च २०१३ला परत आले. मग २०१८मध्ये गोल्डन ग्लोब शर्यत पन्नास वर्षांनी पुन्हा भरली, जुन्या पद्धतीच्या बोटी आणि जुनीच साधनं वापरून. टॉमींनी त्यासाठी जी 'थुरिया' नेली ती सुहैलीची प्रतिकृती होती, तीही गोव्यात बांधलेली.

२१ सप्टेंबर २०१८ला हिंदी महासागराच्या दक्षिणेला, पर्थपासून सुमारे १९०० सागरी मैलांवर, वादळात थुरिया उलटली. त्यानंतर काय झालं ते टॉमींनी स्वतः सांगितलं आहे. बोट पुन्हा सरळ झाली तेव्हा ते डोलकाठीवर उंच लटकत होते, आणि त्यांना धरून ठेवलं होतं ते मनगटावरच्या घड्याळाने. पट्टा वरच्या दोरांत अडकला होता. काही क्षणांत पट्टा तुटला आणि ते खाली आदळले. पाठीचा कणा मोडला. पण आदळले ते बोटीवर. पुढे हलता येत नसताना ते आत पडून राहिले, आणि २४ तारखेला फ्रेंच मत्स्यगस्तीच्या 'ओसिरिस' या जहाजाने त्यांना उचललं.

इतकी अवजारं, मानकं, चौकश्या, आणि त्या क्षणी माणूस आणि बोट यांच्यात होता एक घड्याळाचा पट्टा. यातून काही शिकावं असं नाही. कोणी घड्याळाच्या भरवशावर समुद्रात जाणार नाही. कण्याच्या शस्त्रक्रियेनंतर टॉमी २०२२मध्ये त्याच शर्यतीत पुन्हा उतरले आणि एप्रिल २०२३मध्ये दुसरे आले, हे मात्र सांगायलाच हवं.

गेल्या रविवारी मित्राची बोट मांडवीत नांगरलेली असताना आम्ही एक प्रयोग केला. जॅकलाइन आधी डेकच्या कडेने लावलेली होती. मी हार्नेस घालून दोन मीटरच्या टेदरने तिला अडकले आणि मुद्दाम कठड्यावरून बाहेर गेले. गुडघ्यांपर्यंत नव्हे, छातीपर्यंत पाण्यात. बोट उभी होती, नदी शांत होती, तरी मला स्वतःहून वर येता आलं नाही. मित्राने हात दिला तेव्हा आले, आणि दोघांपैकी कोणी विनोद केला नाही.

मग जॅकलाइन काढून डोलकाठीच्या दोन्ही बाजूंनी, डेकच्या मधोमध आणली आणि मागचं टोक बोटीच्या मागच्या कडेच्या बरंच अलीकडे बांधलं, म्हणजे घसरत गेले तरी कडेबाहेर जाणार नाही. टेदर एक मीटरचा घेतला. पुन्हा झोकून दिलं. या वेळी कठड्याला पोट आपटलं, बरगड्यांना मुका मार लागला, पण पाय डेकवरच राहिले. कॉकपिटमध्ये पक्की कडी बसवून घेतली, म्हणजे केबिनच्या पायरीवर असतानाच हुक अडकवता येईल आणि अडकवल्याशिवाय बाहेर पाऊल पडणार नाही. एक बादलीही घेतली आहे, झाकणवाली. ती कशासाठी हे आर्तोची गोष्ट वाचलेल्यांना सांगायला नको.

संध्याकाळी आईला बरगडीवरचा काळानिळा डाग दाखवला नाही, टेदरचा फोटो पाठवला. शेजारी मोजपट्टी ठेवून. तिचं उत्तर आलं, "अजून आखूड नाही का मिळत?"

मी शोधते आहे.